मामांचा पसारा

माझे मामा मोठे कारागीर होते, हे मी आधीच लिहून टाकते, म्हणजे पुढं वाचताना कुणी मला त्याची आठवण करून द्यायला नको. तेरपासून कळंबपर्यंत त्यांचं नाव होतं. खांबावर कमळ काढावं तर त्यांनीच, असं लोक म्हणायचे, आणि ते खोटं नव्हतं. मी ती कमळं पाहिली आहेत. त्या कमळांच्या खाली घोट्यापर्यंत साचलेला भुसा, वाकडे खिळे, विड्यांची थोटकं, पानाच्या पिचकाऱ्या आणि अर्धवट खाऊन टाकलेली भाकरी, हेही मी पाहिलं आहे, कारण ते उचलायला मी होते. कमळाकडं बघणाऱ्यांची मान वर असायची. खाली कोण वाकलंय ते त्यांना दिसायचं नाही. मामांना तर अजिबातच दिसायचं नाही.

माझे वडीलही सुतारच. आम्ही परंड्याचे. दादांना, म्हणजे वडिलांना, कमळं येत नव्हती. ते दारं करायचे, बाजा करायचे, पेरणीच्या तिफणी करायचे, आणि काम संपलं की ज्याच्या अंगणात काम केलं ते अंगण स्वतः झाडून द्यायचे. घरमालकीण म्हणायची, राहू द्या, आमच्या सुना झाडतील. दादा म्हणायचे, सुनांनी सांडलंय का? एवढं बोलून खराटा हातात घ्यायचे. मग जमिनीवर उकिडवं बसून हात फिरवायचे आणि उरलेले खिळे बोटांनी वेचायचे. त्यांचं बोलणं कमी आणि हालचाल सावकाश, त्यामुळं लोकांना ते जरा मंदच वाटायचे. एका पावसाळ्यात तापानं ते गेले. घर भाड्याचं होतं. मायनं भांडी, दोन गोधड्या आणि दादांची हत्यारांची पेटी गाडीत घातली, माझा हात धरला आणि तेरला भावाच्या घरी आली. मी तेव्हा तेरा-चौदा वर्षांची असेन.

पेटी मामांनी त्याच दिवशी उघडली. पटाश्या धारेप्रमाणं ओळीनं लावलेल्या, रंध्याच्या पात्याला तेल लावून फडकं गुंडाळलेलं. मामा हसले. "तुझा नवरा हत्यारं झोपवायचा काय गं, राधे?" मायही हसली. महिनाभरात त्या पटाश्या अंगणात पावसात पडलेल्या मला सापडल्या. एकीचा दांडा फुटलेला, दुसरीनं मामी नारळ फोडत होती. मी एकेक उचलून पुसून ठेवायची, मामा पुन्हा बाहेर काढायचे. मग मी ठेवणंही सोडलं.

मामांच्या घरात सकाळ रंध्याच्या आवाजानं व्हायची. तो आवाज मला आवडायचा, हे कबूल करायला पाहिजे. सागाची साल रंध्यातून गोल गोल होऊन बाहेर पडते तेव्हा एक मऊ सूर निघतो, आणि घरभर वास पसरतो. त्या सालींवर चूल लगेच पेटायची. माय सकाळी हुलग्याचं माडगं करायची, दुपारी भाकरी आणि अंबाड्याची भाजी, वर शेंगदाण्याची चटणी. मामांना जेवायला हाक मारली की ते हातातलं जे काय असेल ते तिथंच टाकून यायचे. करवत असली तर करवत, पेटती विडी असली तर विडी. दोनदा भुशानं पेट घेतला आणि दोन्ही वेळा मायनं घागर ओतून विझवला. मामांनी घास थांबवला नाही. "बाया हायत की घरात," असं ते पाहुण्यांना सांगायचे, जसं कुणी सांगतं की दारात बैल हायत.

माझ्या नातवाच्या घरात परवा फरशी बसवणारे आले होते. धाराशिवात आता अशी पोरं खूप आहेत, कानाला फोन लावून काम करतात. संध्याकाळी सिमेंटचे गोळे, फरशीचे तुकडे आणि चहाचे कागदी कप टाकून निघाले. मी दारात खुर्ची टाकून बसले आणि म्हटलं, आधी हे भरा. त्यातला एक म्हणाला, आजी, आमचं काम बसवायचं. मला हसू आलं. ऐंशी वर्षांत वाक्य तेच राहिलंय, नुसतं लाकडाच्या जागी फरशी आलीय. मी खुर्ची हलवली नाही. भरलं त्यांनी, पण मनातल्या मनात मला काय म्हणाले असतील ते मला ऐकू आलं.

तर, दुसऱ्या महायुद्धाचे दिवस होते. राज्य निजामाचं. लोखंड मिळत नव्हतं. खिळे बार्शीकडून यायचे, नाक्यावर करोडगिरीचा, म्हणजे जकातीचा, जवान पिशवीत हात घालून बघायचा, आणि पावशेर खिळे आणलेला माणूस गावात तोरा मिरवायचा. अशा दिवसांत मामा वाकलेला खिळा उपटायचे आणि मागं न बघता खांद्यावरून फेकून द्यायचे. दादा असते तर तो दगडावर ठेवून ठोकून सरळ केला असता. मामांना ते कमीपणाचं वाटायचं. उस्ताद माणसानं वाकडा खिळा सरळ करत बसायचं नसतं. उस्ताद हा शब्द त्यांना कळंबच्या कचेरीतल्या एका कारकुनानं दिला होता आणि तेव्हापासून तो त्यांनी अंगावरून उतरवला नव्हता.

त्या वर्षी कळंबच्या एका आडत्यानं मामांना बोलावलं. लिंगायत घर, धान्याचा मोठा व्यापार. मालकाला सगळे अप्पा म्हणायचे. चाळिशीचा, गोरा, हळू बोलणारा माणूस. त्यांनी जुन्या घरापुढं नवं माळवदाचं, सपाट धाब्याचं घर काढलं होतं. भिंती उभ्या होत्या, आता खांब, तुळया, वरचं फळ्यांचं छत आणि मोठं दार, एवढं सुताराचं काम होतं. सहा-सात महिने लागणार. मामांनी स्वयंपाकाला आणि झाडलोटीला मायला आणि मला बरोबर घेतलं. आम्हाला गोठ्याशेजारची पडवी दिली. अप्पांचं घरचं बिऱ्हाड मागं जुन्या घरातच होतं, आणि जुन्या घरातून आडावर जायची वाट आमच्या कामाच्या अंगणातून जात होती.

त्या वाटेवरून रोज पहाट फुटली की अव्वा जायच्या. अव्वा म्हणजे अप्पांची आई. साठीच्या, काटक, कपाळावर भस्माचे तीन पट्टे, गळ्यात लिंग. पूजेचं पाणी त्या कुणाला आणू देत नसत. अनवाणी, ओल्या लुगड्यानं, हातात तांब्याची घागर. लहानपण कानडी मुलखात गेलेलं, त्यामुळं मराठी बोलता बोलता मध्येच कानडी यायचं. मी झाडत असले तर त्या थांबायच्या. एकदा त्यांनी नुसतंच माझ्या खराट्याकडं बघितलं आणि म्हणाल्या, "कोपऱ्यातनं काढ. मधलं कुणीबी काढतंय." मला राग आला नाही. माझ्या कामाकडं कुणी काम म्हणून बघितल्याची ती पहिलीच वेळ होती.

मामांचा दरबार दुपारी भरायचा. बाजारातले लोक, कचेरीतले लोक, शेजारचे दुकानदार काम बघायला यायचे. मामा खांबावर पटाशी फिरवायचे, बोलायचे, थुंकायचे. बघणारेही तिथंच शेंगा खायचे, तिथंच टरफलं टाकायचे. घाण करण्यात एक प्रकारची मोठेपणाची भावना असते, हे मला तिथं कळलं. आपण टाकलेलं दुसरं कुणीतरी उचलणार, याची खात्री असलेला माणूस ज्या सैल हातानं टाकतो, तो हात मी आजही लांबून ओळखते. लग्नात ओळखते, दवाखान्यात ओळखते, पुढाऱ्यांच्या सभेत तर हजारोंनी ओळखते.

एका दुपारी मी त्या घोळक्यातून वाट काढत भुसा गोळा करत होते. मामांच्या पायाशी सालींचा ढीग होता. मी म्हटलं, "मामा, जरा पाय."

मामांनी पाय हलवला नाही. पटाशी थांबवून लोकांकडं बघितलं आणि म्हणाले, "ही माझी भाची. बापावर गेलीया. हिचा बाप लाकडापरीस भुशावर जास्त जीव लावायचा. खांब कसा झाला ते कुणी इचारलं न्हाय कधी, अंगण मात्र लई झ्याक."

लोक हसले. कारकून तर टाळी द्यायला पुढं झाला. मामांनी आणखी वाढवलं. "गेला तवा काय ठेवून गेला? ही पोर आन् एक खराटा."

मी मायकडं बघितलं. ती चुलीजवळ बसली होती, पदर तोंडाला लावून. ती हसत होती. आज मला ठाऊक आहे की ज्याच्या घरी भाकरी खायची त्याच्या विनोदाला हसावंच लागतं, आणि ते हसणं तिला केवढ्याला पडलं असेल. तेव्हा ठाऊक नव्हतं. तेव्हा मला मामांचा जेवढा तिटकारा आला, तेवढाच मायचा आला. मी खराटा भिंतीला टेकवून ठेवला आणि पडवीत जाऊन बसले.

त्या दिवशी मामांनी जुन्या घराचं एक मोडकं दार उचकटलं होतं. त्यातल्या चांगल्या फळ्या छताला वापरायच्या होत्या. नको त्या फळ्या त्यांनी खिळ्यांसकट इकडंतिकडं टाकल्या. संध्याकाळी मी पाणी आणायला गेले तेव्हा आडाच्या वाटेच्या कडेला एक फळी पडलेली मला दिसली. तिच्यातले तीन लांब खिळे वर तोंड करून उभे होते. मी तिच्यापाशी थांबले. पायानं नुसती उलटी केली असती तरी चाललं असतं. मी ती तशीच ठेवली. मनात स्पष्ट विचार आला होता, तो मी ऐंशी वर्षं कुणापासून लपवला तरी स्वतःपासून लपवू शकले नाही: मामांच्या पायात जाऊ दे.

दुसऱ्या दिवशी बाजार होता. माय ज्वारी आणायला सकाळीच गेली. जाताना म्हणाली, "अंगण राहिलंय बघ कालचं." मी म्हटलं, पोट दुखतंय. रात्रभर वारा होता. अंगणभर साली उडाल्या होत्या, वाटेवर पसरल्या होत्या, त्या फळीवरही. खिळे झाकून गेले होते. मी पडवीत गोधडी पांघरून पडून राहिले.

अव्वा त्या दिवशी उशिरा निघाल्या. मला आधी घागर पडल्याचा आवाज आला. तांब्याची घागर दगडावर पडून गडगडत गेली. मग काहीच आवाज नाही. मी बाहेर आले तर अव्वा वाटेत बसलेल्या, दोन्ही हातांनी पोटरी धरलेली, आणि त्यांच्या पायाला ती फळी चिकटलेली. खिळा तळव्यातून आत गेला होता आणि दोन बोटांच्या मधून त्याचं टोक वर आलं होतं. त्या ओरडल्या नाहीत. माझ्याकडं बघून म्हणाल्या, "बा इल्ली. इकडं ये. फळी धर. हलवू नको, सरळ वड."

मी धरली आणि ओढली. तो आवाज मी इथं लिहिणार नाही.

लोक जमले. अप्पा दुकानातून धावत आले, मामा कामावरून आले. मामांच्या हातात पटाशी तशीच होती. अप्पांनी आईचा पाय मांडीवर घेतला, रक्त बघितलं, मग फळी बघितली. ते कधी आवाज चढवत नसत, तेव्हाही चढवला नाही. "हे इथं कसं आलं, मिस्त्री?"

मामांनी जराही वेळ घेतला नाही. "झाडायचं काम हिचं हाय. हिला इचारा. सकाळधरनं गोधडीत लोळलालीया."

सगळ्यांनी माझ्याकडं बघितलं. तेवढ्यात माय बाजारातून आली. तिनं टोपली खाली ठेवली, काय झालं ते ऐकलं आणि सगळ्यांदेखत माझ्या तोंडात मारली. मामा परत कामावर गेले. थोड्या वेळानं पटाशीवर हातोडा पडायला लागला. मला मार बसला त्याचं काही वाटलं नाही. तो हातोड्याचा आवाज मात्र मी विसरले नाही. जणू एखादी म्हैस ओरडली आणि गप्प झाली, एवढंच घडलं होतं.

हकीम आले. जखम धुतली, गरम तेलाचा चटका दिला, बिब्बा घातला, कडुनिंबाचा पाला बांधला. जाताना अप्पांना बाजूला घेऊन सांगितलं की गंजलेलं लोखंड आहे, आठ-दहा दिवस बघायचं. जबडा ताठ झाला, दातखीळ बसायला लागली, तर मग काही खरं नाही. अप्पांनी हे कुणाला सांगितलं नाही, पण मी दाराआड होते. धनुर्वात म्हणजे काय ते मला माहीत होतं. परंड्याला आमच्या शेजारचा एक जण असाच धनुष्यासारखा वाकून मेला होता.

मी अव्वांपाशी बसायला लागले. मला कुणी सांगितलं नव्हतं. सकाळी पाला बदलायचा, पाय उशीवर ठेवायचा, आणि त्यांना बोलतं ठेवायचं, म्हणजे तोंड उघडतंय ते दिसावं. त्या भाकरीचा घास चावायला लागल्या की मी त्यांच्या गालाकडं टक लावून बघायची. तिसऱ्या दिवशी त्यांनी घास खाली ठेवला. "काय बघलालीस?"

मी पायाखालची उशी सारखी करायला लागले.

"दात बसायची वाट बघलालीस व्हय?"

मग मला राहवलं नाही. रडू आलं. अव्वांनी रडू दिलं आणि मग विचारलं, "फळी कुणी टाकली?"

"मामांनी."

"तू बघितली हुतीस?"

"व्हय. आदल्या सांजंला."

"मग उचलली कामून न्हाईस?"

"मामांच्या पायात जावी म्हणून."

अव्वांनी उशीवरचा पाय जरा सरकवला. मला वाटलं आता अप्पांना हाक मारतील. त्या म्हणाल्या, "तुझा मामा कधी उघड्या पायानं चालतो काय गं?"

मामांच्या पायात जाड कातडी वहाणा असायच्या. कामावर, अंगणात, गोठ्यात, सगळीकडं. मी त्या रोज बघत होते, त्यांच्याखालचा भुसा काढत होते, आणि एवढी साधी गोष्ट माझ्या डोक्यात आली नव्हती. त्या घरात अनवाणी चालणारे कोण होते? अव्वा, माय, गड्यांच्या बायका आणि मी.

"मला माफ करा," मी म्हणाले.

"ते पाय ठरवंल," अव्वा म्हणाल्या. "बरा झाला तर करीन. आता पाला बदल."

मायला मी त्याच दिवशी सांगितलं. ती भाकरी थापत होती. तिनं विचारलं, "मुद्दाम?" मी म्हटलं, "व्हय." तिनं भाकरी तव्यावर टाकली, पाणी फिरवलं, उलटली, फुगेपर्यंत थांबली. मग म्हणाली, "मी हसले ना त्या दिवशी." ते विचारणं नव्हतं. एवढं बोलून तिनं दुसरी भाकरी थापायला घेतली. पण त्या दिवसापासून तिनं मामांच्या कुठल्याच बोलण्यावर हसणं बंद केलं. मामांच्या ते ध्यानातही आलं नाही.

नऊ दिवस गेले. दहाव्या दिवशी हकीम म्हणाले, टळलं. पाय बरा व्हायला दोन महिने लागले, आणि मधली दोन बोटं कायमची ताठ राहिली. एवढ्या काळात मामा एकदाही अव्वांना बघायला आत गेले नाहीत. पंधरा पावलांवर दार होतं. मी एकदा म्हटलं, "मामा, अव्वांना भेटून या की." ते म्हणाले, "म्या काय हकीम हाय?" आणि ते दुष्टपणानं बोलत नव्हते. त्यांना खरंच वाटत होतं की त्यांचा याच्याशी संबंध नाही. दुष्ट माणसाचा राग करता येतो. मामांचा राग करावा एवढीही जागा त्यांच्यात नव्हती. कमळं काढणारे दोन हात आणि वर मिशा.

काम संपलं. घरभरणीचा दिवस ठरला. जंगमस्वामी आले, त्यांचे पाय धुतले, पूजा झाली. हुग्गीचा, गव्हाच्या खिरीचा, वास सगळ्या अंगणात होता. नवं घर खरोखर देखणं झालं होतं, आणि येणारा प्रत्येक जण दारातच मान वर करून उभा राहत होता. पुढचं अंगण मी आणि मायनं सारवून लख्ख केलं होतं. मागं मात्र, आडाच्या बाजूला, सहा महिन्यांचा ढीग तसाच होता. ढलप्या, फुटक्या फळ्या, खिळे, तुटलेले दांडे, सगळं माणसाच्या कमरेइतकं. मामांनी परतीची गाडी त्याच्या आडवी लावली, म्हणजे तो पाहुण्यांना दिसणार नाही.

जेवणं झाल्यावर अप्पांनी मामांना पाटावर बसवलं. ताटात नारळ, धोतरजोडी आणि केशरी फेटा होता. अव्वा काठी टेकत बाहेर आल्या. घरातली मोठी म्हणून ताट त्यांच्या हातून द्यायचं होतं. त्यांनी ताट घेतलं नाही. विचारलं, "मिस्त्री, काम झालं म्हणता?"

"झालं की, अव्वा. एक खिळा बाकी न्हाय." हे वाक्य त्यांनी अव्वांना ऐकवलं. मी शपथेवर सांगते, त्यांच्या चेहऱ्यावरची रेघही हलली नाही.

"मागं काय हाय मग?"

मामा हसले. लोकांकडं बघून, नेहमीसारखे. "ते व्हय. ते काय माझं काम न्हाय, अव्वा. बाया बघत्याल." आणि मायकडं न बघताच हात केला. "राधे, गाडी जुंपायच्या आत तेवढं काढून घ्या दोघी."

माय भांडी घासत होती. ती उठली नाही. तिनं राखेचे हात तसेच ठेवून म्हटलं, "न्हाय."

मामांना ऐकू आलं नाही असं वाटलं. "काय?"

"न्हाय काढणार. तुमी सांडलंय."

तिनं भावाला तुमी म्हटलं, नेहमीसारखंच. आवाजही चढवला नाही. पण पन्नास माणसं वळून तिच्याकडं बघायला लागली. मामांनी इकडंतिकडं बघितलं, हसणारा कुणी सापडतो का ते. कारकूनसुद्धा पत्रावळीकडं बघत होता. अव्वा तशाच काठी टेकून उभ्या होत्या.

गोष्ट सांगायची तर इथं मामांची मान खाली गेली असं सांगायला पाहिजे. तसं झालं नाही. अप्पा व्यापारी माणूस, त्यांना शुभ दिवशी वाद नको होता. त्यांनी स्वतः ताट उचललं आणि मामांच्या डोक्याला फेटा बांधला. लोकांना सुटल्यासारखं झालं, ते पुन्हा छताकडं बघायला लागले. मामा फेटा बांधून गाडीत बसले. "बसायचं असलं तर बसा," ते मायला म्हणाले. माय बसली नाही. "खाणार काय?" त्यांनी विचारलं. ती म्हणाली, "बघू." गाडी त्या ढिगाला वळसा घालून गेली. एका चाकाखाली एक फळी कडकन मोडली.

आम्ही अप्पांच्या आडतीवर धान्य निवडायला लागलो. माय सुपानं पाखडायची, मी खडे काढायची. राहायला तीच पडवी. मागचा ढीग आम्ही दोघींनी आणि एका गड्यानं मिळून चार दिवसांत काढला. काढायचाच होता, अव्वा त्या वाटेनं जात होत्या.

मामा त्यानंतर एकदाच आले. पोलीस ॲक्शन होऊन वर्ष झालं होतं. राज्य बदललं, नाके उठले, कचेरीवरचा झेंडा बदलला, तो कारकून कुठं गेला कुणाला पत्ता नाही. मी तोवर चांगली अठरा-एकोणीस वर्षांची झाले होते. मामांचे हात कापत होते, पटाशी धरवत नव्हती. पोरानं धंदा सोडला होता. ते आडतीच्या ओट्यावर बसले. मायनं त्यांच्यापुढं पाणी ठेवलं आणि वाटीभर भाजलेल्या शेंगा ठेवल्या. ते तासभर बोलत बसले. बोलता बोलता शेंगा फोडायचे आणि टरफलं खाली टाकायचे. ओटा मी नुकताच झाडला होता. माझं लक्ष त्यांच्या बोलण्याकडं नव्हतंच.

ते उठले, धोतर झटकलं. मी म्हटलं, "मामा, टरफलं."

त्यांना आधी कळलं नाही. मग कळलं. ते वाकले, दोन टरफलं उचलली, कंबर धरली आणि म्हणाले, "होत न्हाय बाई आता." ती दोन टरफलंही त्यांनी पुन्हा तिथंच सोडली आणि काठी घेऊन स्टँडच्या दिशेनं निघून गेले. मायनं केरसुणी घेतली. मी तिचा हात धरला. "राहू दे तशीच," मी म्हटलं. "येतील परत, उचलतील." मलाही ठाऊक होतं ते येणार नाहीत. पण तो ओटा कुणी झाडायचा नाही, असं मी ठरवून टाकलं होतं, आणि मी खडे निवडत त्या टरफलांकडं पाठ करून बसले. माझ्या अंगात एक ताठपणा आला होता. मला वाटत होतं, मी कुणालातरी धडा शिकवते आहे.

उन्हं कलली तेव्हा मागं खर्र खर्र आवाज आला. वळून बघितलं तर अव्वा ओटा झाडत होत्या. एका हातात काठी, एका हातात केरसुणी, ताठ बोटांचा पाय जपून बाजूला टाकत. मी धावत जाऊन केरसुणी धरली. त्यांनी सोडली नाही.

"तुमी कामून झाडता?" मी म्हटलं. "मामांनी टाकलंय ते."

"त्यो गेला," अव्वा म्हणाल्या. "तुझं आन् त्याचं भांडण मिटंपर्यंत म्या कचऱ्यात बसू व्हय?"

मी केरसुणी त्यांच्या हातातून काढून घेतली आणि कोपऱ्यापासून झाडायला लागले. मामांबद्दल माझ्या मनात तेव्हा जे होतं ते आजही तसंच आहे, त्यात मी काही कमी केलेलं नाही. फक्त झाडता झाडता मी एकदा अव्वांच्या पायांकडं, त्या दोन ताठ बोटांकडं, बघितलं, आणि मग ओटा संपेपर्यंत मान वर केली नाही.